फोटो न निघणारं दुखणं

छत्तीस वर्षं सहकारी बँकेत काढल्यावर माणसाला हिशेबाखेरीज काही येत नसणार, असा लोकांचा समज असतो. त्यामुळे आमच्या कराडात भटक्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या औषधपाण्यासाठी काही तरुण मंडळींनी छोटा ट्रस्ट काढला, तेव्हा खजिनदार म्हणून माझं नाव आपोआप पुढं आलं. ‘काका, तुम्ही नुसत्या वह्या बघा, कुत्र्यांना हात लावायची गरज नाही,’ असं मला सांगण्यात आलं होतं. तीन वर्षांत हात लागलाच, एकदा दातही लागले. पण आज जे मांडायचंय ते मला कुत्र्यांपेक्षा वह्यांनी शिकवलंय.

एका डिसेंबरातल्या दोन नोंदी सांगतो. मलकापूरच्या बाजूला हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक पिल्लू सापडलं. तांबूस रंगाचं, जेमतेम दोन महिन्यांचं, एक डोळा खोबणीतून बाहेर आलेला. आमच्यातल्या एका मुलीनं फोटो टाकला, खाली क्यूआर कोड. रात्री अकरापर्यंत एकवीस हजार रुपये जमले. ऑपरेशन, टाके, आठवड्याची औषधं धरून खर्च आला साडेसहा हजार.

त्याच आठवड्यात भाजी मंडईमागं राहणाऱ्या एका कुत्रीची खबर आली. पाच-सहा वर्षांची, दोन-तीनदा व्यालेली, मागून सतत रक्त ठिबकत होतं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, टीव्हीटी. हा संगातून पसरणारा कर्करोग आहे. यात विषाणू वगैरे नसतो, एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजतात. गाठ दिसायला किळसवाणी, नासलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. पण एवढा समजूतदार कर्करोग दुसरा नसेल. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाचं इंजेक्शन आठवड्याला एक, अशी चार ते सहा दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, आणि औषध फार महागही नाही. आता या कुत्रीचा फोटो काढायचा कुठून? तोंडाकडून काढला तर ती चांगली धडधाकट दिसते. मागून काढला तो एकानं ग्रुपवर टाकला, तर पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘असले फोटो टाकू नका, घरात मुलं मोबाइल बघतात.’ तिच्या नावावर साडेतीनशे रुपये जमा झाले.

पिल्लाच्या नावावरचे साडेचौदा हजार खात्यात पडून होते. ते कुत्रीसाठी वापरावेत की नाही, यावर विश्वस्तांमध्ये तीन दिवस वाद चालला. देणगीदारानं ज्या कारणासाठी पैसे दिले त्याच कारणाला ते लागले पाहिजेत, असा आग्रह धरणारा मीच होतो. बँकेतला स्वभाव. शेवटी मोठ्या मनाच्या एका बाईंनी स्वतःच्या पर्समधून औषधाचे पैसे भरले. पहिलं इंजेक्शन झालं, दुसरं झालं. तिसऱ्या आठवड्यात कुत्री सापडली नाही. मंडईतल्या कुणीतरी हुसकली असेल किंवा दोनदा सुई खाल्ल्यावर तीच शहाणी झाली असेल. अर्धवट उपचार झालेली ती कुत्री पुढच्या हंगामात आणखी किती कुत्र्यांना तोच आजार देऊन गेली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलंय. भटक्या कुत्र्यांसाठी आपल्याकडे पैसा येत नाही ही ओरड खोटी आहे. पैसा येतो, पण तो फोटोच्या मागं येतो. ज्या दुखण्याचा फोटो निघत नाही, ज्या शुश्रूषेचा फोटो निघत नाही आणि जी लस टोचल्यावर कुत्रं आधी होतं तसंच दिसतं, त्यांच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून देणगी ‘केस’ला देणं आपण थांबवलं पाहिजे आणि महिन्याच्या महिन्याला व्यवस्थेला दिली पाहिजे. व्यवस्थेला म्हणजे पिंजऱ्याला, लसीला, कुत्रं धरणाऱ्या माणसाच्या पगाराला.

हे मी काही नवं सांगत नाही. आपल्याच मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लोकांना हे कळलेलं होतं. १८३२ साली कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारण्याची मोहीम जोरात काढली, मारलेल्या कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस लावलं. बक्षिसाच्या लोभानं मारेकरी घराच्या ओट्यावरची कुत्रीही ओढायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचं स्थान, त्यामुळे जूनमध्ये फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, हिंदू-जैनही सामील झाले, बाजार बंद पडला आणि सैन्य बोलवावं लागलं. इतिहासात ही ‘डॉग रायट’ म्हणून नोंदली गेली. इथवरची गोष्ट गमतीनं सांगितली जाते. पुढची सांगितली जात नाही. जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या दोन व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ मध्ये भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. त्याच्या खर्चासाठी त्यांनी लोकांच्या दयेची वाट बघितली नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक ‘लागा’ लावून घेतला. माल विकला गेला की एवढा हिस्सा पांजरपोळाचा. त्या दिवशी कुठलं जनावर जखमी होतं, ते गोंडस होतं की खरजुलं, याच्याशी त्या पैशाचा संबंध नव्हता. पन्नासएक वर्षांनी दिनशा माणेकजी पेटिटांनी परळला पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या नावानं जनावरांचं रुग्णालय उभं केलं, तेही याच रीतीनं. आधी जागा, खाटा आणि डॉक्टर, मग रुग्ण. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. आधी रुग्ण, मग फोटो, मग पैसे आणि शेवटी, ‘आता याला ठेवायचं कुठं?’

हा शेवटचा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटतो. आमचा सगळा जीव त्यातच जातो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागची कुठं चाललीय ते पुढच्याला दिसत नाही. त्या चार-पाच महिन्यांत आमच्याकडे पाय मोडलेली, कमरेतून गेलेली कुत्री वर्षात सगळ्यांत जास्त येतात. गावातल्या सरकारी दवाखान्याला आजही सगळे गुरांचा दवाखानाच म्हणतात, आणि ते बरोबर आहे. दारात गाय-बैल उभे करायचा लोखंडी खोडा आहे, आत गुरांची औषधं आहेत, डॉक्टर अर्धा वेळ गावोगाव लसीकरणाला गेलेले असतात. घरपोच पशुसेवेचा १९६२ हा टोल फ्री नंबरही मुळात शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी आहे. तिथले डॉक्टर कुत्र्याला नाही म्हणत नाहीत, सलाइन लावतील, जखम धुऊन देतील. पण हाडात प्लेट घालायची तर खासगी डॉक्टर गाठावा लागतो किंवा शंभराहून अधिक किलोमीटर जाऊन शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागतं. समजा नेलं. समजा पैसेही जमले, कारण पाय मोडलेल्या कुत्र्याचा फोटो चांगला निघतो. संध्याकाळी कुत्रं पट्टी बांधून टेम्पोत परत येतं आणि खरं काम तिथून सुरू होतं.

प्लेट घातलेलं कुत्रं बंद जागेत, उड्या मारता येणार नाहीत असं, कित्येक आठवडे ठेवावं लागतं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, नाहीतर ते रात्रीत टाके चावून काढतं. दिवसातून दोनदा गोळ्या, एक दिवसाआड ड्रेसिंग, खालचं वर्तमानपत्र बदलणं. हे सगळं त्यानं माणसावर विश्वास ठेवण्याआधी, म्हणजे ते चावायच्या बेतात असताना. गेल्या हंगामात एका काळ्या कुत्र्यासाठी अठरा हजार जमले. ऑपरेशन उत्तम झालं. ठेवायला जागा मिळाली ती एका बांधकामाच्या जिन्याखाली, देखरेखीला तिथला वॉचमन. चौथ्या दिवशी कुत्र्यानं कॉलर भिंतीला घासून तोडली, पट्टी फाडली, जखमेत किडे पडले. दहाव्या दिवशी पाय कापावा लागला, चौदाव्या दिवशी कुत्रं गेलं. खात्यात त्या वेळी चार हजार शिल्लक होते. माझ्या वहीत ती केस ‘जमा-खर्च पूर्ण’ अशी आहे.

हीच कित्येक आठवड्यांची शुश्रूषा ज्यांच्या जिवावर चालते, त्यांचं काय? आमच्याकडे एक मावशी आहेत, ब्लाउज-परकर शिवतात. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या न्हाणीघरात कायम एखादं आजारी कुत्रं. आम्ही घरची माणसं शेजारच्या नळावर आंघोळ करतो, असं त्यांची मुलगी मला हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. एकदा मी पाकीट घेऊन गेलो तर मावशी म्हणाल्या, ‘साहेब, पैसं नको मला. फिनेल आन् चार जुनी पोती तेवढी धाडा.’ मी भारावून गेलो, पोती पाठवली आणि तिथंच माझी चूक झाली. कारण मावशींच्या या ‘नको’वरच आमचा सगळा ट्रस्ट उभा आहे. औषधाला भाव आहे, पेट्रोलला भाव आहे, डॉक्टरांच्या टाक्याला भाव आहे. रात्री दोनला उठून सलाइनची बाटली बदलणाऱ्या बाईला तेवढा भाव नाही, कारण तिला ‘हौस’ आहे. असं दान देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पुण्याईचा मोठा भाग खरं तर मावशींच्या न्हाणीघरातून येतो.

याचं मूळ आपल्या चांगुलपणातच असावं, अशी मला शंका आहे. कुत्र्याला घास घालण्याची आपली परंपरा जुनी आणि मोठी आहे. श्राद्धाच्या पंचबळीत श्वानबळी असतो. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. पण या सगळ्यात कुत्र्याला घास आहे, तूप आहे, नमस्कार आहे. त्याला खरूज झाली तर पुढं काय, ते नाही. घास घालायला दोन मिनिटं पुरतात आणि घालणाऱ्याला लगेच बरं वाटतं. क्यूआर कोडवर पाचशे रुपये टाकणं हा त्याच घासाचा नवा अवतार. घासाला माझी हरकत नाही. पण शेजारचे आजोबा रोज बिस्किटाचे चार पुडे वाटतात, आणि त्याच आठ कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला दिवसभर थांबा म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागतात, तेव्हा मला राग येतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

आता सोडून दिलेल्या कुत्र्यांकडे येतो, कारण त्यांच्या बाबतीत माझं म्हणणं ट्रस्टमधल्यांनाही पटत नाही. २०२० च्या मार्चमध्ये कुत्र्या-मांजरांमुळे कोरोना पसरतो अशी अफवा उठली आणि पुण्या-मुंबईपासून सगळीकडे लोकांनी जातिवंत कुत्री रस्त्यावर सोडली. ती अफवा गेली, सोडणं राहिलं. आमच्याकडे येणारी सोडलेली कुत्री पट्ट्याच्या खुणेवरून ओळखता येतात; मानेभोवतीचे केस गेलेले असतात, पट्टा मात्र काढून घेतलेला. बहुतेकांना काही ना काही आजार असतो. गोचीडताप, कानात पू, म्हाताऱ्या लॅबचे कंबरेचे सांधे, कुत्रीच्या गर्भाशयात पू. प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज त्या रकमेत गोचीड मारायच्या औषधाची बाटलीही येत नाही. दंड वाढलाच पाहिजे, पण दंड वाढवून काय होईल? माणूस अधिक लांब, अधिक अंधारात नेऊन सोडेल.

मी म्हणतो, आपल्या दानातला काही भाग कुत्रं सोडण्याआधी खर्च व्हायला हवा. म्हणजे पाळणाऱ्याच्या घरात. हे म्हटलं की लोक अंगावर येतात. ऐपत नाही तर पाळायचं कशाला? हा प्रश्न बंगल्यात हस्की पाळून घरभर केस झाले म्हणून महाबळेश्वरच्या घाटात सोडून येणाऱ्याला विचारा, जरूर विचारा, चारचौघांत विचारा. पण एक रिक्षावाला माझ्याकडे आला होता. कुत्री रस्त्यावरचीच, पिल्लू असताना पोरांनी आणलेली, नऊ वर्षं घरात. गर्भाशय काढायला लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि खर्च त्याच्या महिन्याच्या कमाईएवढा. त्यानं मला विचारलं, ‘साहेब, मी हिला तुमच्या दारात सोडून गेलो तर तुम्ही कराल ना ऑपरेशन?’ नियमाप्रमाणे बरोबर होतं त्याचं. घरातली कुत्री होती तोवर आमच्या ट्रस्टला ती चालत नव्हती. रस्त्यावर आली की ‘केस’ होणार होती. लंडनच्या गरीब वस्तीत मारिया डिकिन या बाईंनी १९१७ मध्ये गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला, त्यातून आजची पीडीएसए ही संस्था वाढली. ती अजूनही हेच करते, ऐपत नसलेल्या मालकाच्या जनावरावर उपचार. बक्षीस बेजबाबदारपणाला मिळत नाही, कुत्रं घरातच राहतं. आमच्या रिक्षावाल्याचं काम आम्ही नियम वाकवून केलं. नियम बदलायला अजून जमलेलं नाही.

यापुढचा आक्षेप मोठा आहे आणि तो टाळून हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. लोक म्हणतात, ही कुत्री माणसांना चावतात, लहान मुलांना फाडतात, आणि तुम्ही त्यांची हाडं जोडत बसता. ज्यांच्या घरातलं मूल कुत्र्यांच्या टोळीनं मारलं त्यांना भूतदया शिकवायला मी जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं तेव्हा देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, रेबीज झालेली आणि हल्लेखोर मात्र सोडू नका, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांतली कुत्री हटवण्याचा आणि तिथं परत न सोडण्याचा आदेश आला. या सगळ्या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातला एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटला. न्यायालयात आलेल्या श्वानप्रेमी व्यक्तींनी प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांनी दोन लाख रुपये भरावेत, ते कुत्र्यांच्या सोयीसुविधा उभारण्यासाठी वापरले जातील, असं त्यात होतं. श्वानप्रेमींना तो दंड वाटला. न्याय मागायला आलेल्याकडून पैसे घ्यावेत का, हा वाद वेगळा. पण प्रेम आहे ना, मग ते कुठल्या गोंडस चेहऱ्यावर न टाकता सोयीवर टाका, हा त्यातला विचार मला बँकवाल्याला एकदम पटला.

चावण्याच्या प्रश्नाला आमच्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे. दानाच्या पैशानं बरं झालेलं एकही कुत्रं लस आणि नसबंदी झाल्याखेरीज दवाखान्याबाहेर पडता कामा नये. एकदा पकडलेलं, शांत झालेलं, पिंजऱ्यात असलेलं कुत्रं पुन्हा तसं हाती लागत नाही. तरीही आमच्या वहीत पाय जोडून सोडलेली पण नसबंदी न केलेली कुत्री आहेत, कारण देणगी ‘पायासाठी’ होती आणि ‘नसबंदी पालिकेचं काम आहे’. आहेच पालिकेचं काम. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर स्पष्ट टाकलीय, आणि दानधर्मानं पालिकेला मोकळं सोडू नये हेही खरं. पण २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली होती. तेवढ्यांना पालिकेची गाडी पुरेल तेव्हा पुरेल. माझ्या पिंजऱ्यात आज बसलेलं कुत्रं तरी मी का सोडू?

फोटो न निघणारं काम नेटानं केलं तर काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. शेजारच्या गोव्यात ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार यांनी मिळून दहा वर्षांहून जास्त काळ वाडीवाडीत जाऊन कुत्र्यांना लस टोचली. हातात जाळी, मोबाइलवर नोंद, दुसऱ्या दिवशी पुढची वाडी. सत्तर टक्के कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाला. या कामात रडवणारी एकही गोष्ट नाही. लस टोचलेलं कुत्रं फोटोत भटकं कुत्रंच दिसतं. पण एखादं पोर रेबीजनं मेलं नाही, तर त्या न मेलेल्या पोराचा फोटो कोण टाकणार?

लशीवरून आठवलं. आमची पकडणारी पोरं कित्येक महिने स्वतः लस न घेता कुत्री धरत होती. कुत्र्यांसाठी वर्षाला लाखभर खर्चणाऱ्या ट्रस्टनं या सहा पोरांना आधीच द्यायची रेबीजची इंजेक्शनं दिलेली नव्हती. कुणी मागितली नाहीत, मलाही सुचलं नाही. मला दात लागले तेव्हा सुचलं.

‘माणसांना औषध नाही आणि तुम्हाला कुत्री सुचतात’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकतो. बहुतेक वेळा ते अशा माणसाच्या तोंडून येतं ज्यानं माणसांसाठीही पावती फाडलेली नसते. यावर एवढंच पुरे.

आमच्या बाजूचे दोष मात्र जरा थांबून सांगायला हवेत. पहिला, कुत्रं मरू न देण्याचा हट्ट. कमरेतून कायमचं गेलेलं, पाठीला जखमा पडलेलं, किडे वळवळत असलेलं कुत्रं महिनोन्‌महिने जगवण्यात देणगीदाराला विजय दिसतो, त्याच्या फोटोला शेकड्यानं हृदयं मिळतात. मरणाच्या दारातल्या, बरं न होणाऱ्या कुत्र्याला पात्र पशुवैद्यकाच्या हातून शांतपणे सोडवण्याची मुभा नियमांत आहे. तो निर्णय डॉक्टरांचा असला पाहिजे, ग्रुपवरच्या मतदानाचा नव्हे. आमच्याकडे एकदा खरोखर मतदान झालं होतं. दुसरा दोष, आत घ्यायची मर्यादा नसलेले निवारे. चाळीसची जागा, दीडशे कुत्री, आणि मग पार्व्हो हा झपाट्यानं पसरणारा आजार आला की आठवड्यात पिल्लांचा सडा. तिसरा हिशेब. क्यूआर कोड एखाद्याच्या खासगी खात्याचा असतो आणि जुनाच फोटो दुसऱ्या गावाच्या नावानं फिरतो, हे मी स्वतः पाहिलंय. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, लेखापरीक्षण होतं का, जुन्या करप्रणालीतल्यांना देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळते का, एवढं विचारायला लाज वाटायचं कारण नाही. आणि हे विचारणाऱ्याला ‘तुम्हाला मुक्या जिवाची दया नाही’ म्हणून गप्प बसवणाऱ्या संस्थेला एक रुपया देऊ नका. मी आमच्या संस्थेबद्दलही हेच म्हणतो.

मोठा पैसा कसा वापरावा याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२४ च्या जूनमध्ये रतन टाटांनी समाजमाध्यमावर मुंबईतल्या एका सात महिन्यांच्या कुत्र्यासाठी रक्तदाता कुत्रा हवा म्हणून आवाहन केलं होतं. गोचीडतापाचा संशय, रक्त पार उतरलेलं. लोकांना त्या आवाहनाचं फार कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पण त्या आवाहनाला अर्थ होता, कारण रक्त चढवायला त्यामागं महालक्ष्मीचं पाच मजली प्राणी रुग्णालय डॉक्टरांसह उभं होतं, टाटा ट्रस्टच्या सुमारे १६५ कोटींतून. नुसतं आवाहन आमच्याकडेही रोज असतं. मागं मावशींचं न्हाणीघर असतं. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून प्राणिकल्याणाला पैसे देता येतात, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तसं लिहिलेलं आहे. आमच्या भागातले कारखाने आणि दूध संघ यांनी ॲम्ब्युलन्स देऊन तिच्यावर अध्यक्षांचा फोटो लावण्यापेक्षा तालुक्याला आठ पिंजरे आणि एका माणसाचा पगार दिला तर ऊस ट्रॉलीचं थोडं तरी ऋण फिटेल.

येत्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. माझा ठराव असा : केसनिहाय देणगी मागणं बंद. दरमहा शंभर, दोनशे, जे जमेल ते, बँकेत कायमस्वरूपी सूचना देऊन. जमलेल्यातून आधी मावशींचं मानधन, मग पकडणाऱ्या पोरांची लस, मग रेबीज लस आणि नसबंदी, मग टीव्हीटीची औषधं, आणि उरलं तर हाडांची ऑपरेशनं. क्रम वाचून आमच्यातल्या दोघांनी आत्ताच विरोध कळवलाय. त्यांचं म्हणणं, फोटो नसेल तर पैसे येणार नाहीत, सहा महिन्यांत ट्रस्ट बंद पडेल. मावशींचाही विरोध आहे, मानधन घेतलं तर गल्लीतले म्हणतील कुत्र्यांवर धंदा करते. याला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. विद्यानगरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन पिंजऱ्यांचं कोटेशन मात्र आणून ठेवलंय. खालचा ट्रे ओढून धुता येतो. मावशींनी तेवढं एकच विचारलं होतं.